डोंगरी सायकलींचा बाजार आणि महामारी : गोदाम बुडाले, पाना तरला

२०२० साली कोविडची साथ आली आणि जगभरचे बाजार एकाएकी थंडावले. कापड घ्या, चप्पल घ्या, हॉटेल घ्या, बहुतेक धंद्यांच्या वहीत त्या वर्षाची पानेच्या पाने कोरी राहिली. पण एका धंद्याच्या दारात त्याच काळात रांगा लागल्या. तो धंदा सायकलचा. आणि त्यातही डोंगरवाटांवर चालणाऱ्या, जाड टायरच्या, गिअरवाल्या सायकलींचा. या सायकलींना माउंटन बाईक म्हणतात.

ही गोष्ट मुख्यतः परदेशातील आहे. पैसे खर्चून डोंगर उतरण्याचा शौक करणाऱ्या लोकांची आहे. मग ती या पानावर कशासाठी, असे वाचक विचारतील. कारण सरळ आहे. आपल्या समाजातील कितीतरी कुटुंबांचा चरितार्थ सायकलीच्या दुकानावर, सुट्या भागांच्या विक्रीवर आणि दुरुस्तीवर चालत आला आहे. ‘पंक्चर काढणारे’ हा शब्द तर आपल्याला हिणवण्यासाठी सर्रास वापरला जातो. त्या पंक्चर काढणाऱ्या हाताची किंमत महामारीच्या तीन-चार वर्षांत जगाच्या बाजाराने दाखवून दिली. त्याच काळात मोठमोठी गोदामे भरून ठेवणारे कसे बुडाले, हेही दाखवून दिले. या दोन्ही बाबी व्यापारी आणि कारागीर बंधूंनी समजून घेण्यासारख्या आहेत.

जुन्या सायकलीतून जन्मलेला धंदा

माउंटन बाईक कोणत्या मोठ्या कारखान्यात जन्मली नाही. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात मरीन काउंटी नावाचा भाग आहे. १९७० च्या दशकात तेथील काही तरुण भंगारातून जुन्या, जाड टायरच्या सायकली उचलून आणत, त्यांची डागडुजी करत आणि डोंगराच्या कच्च्या वाटेने खाली सोडत. फेअरफॅक्स गावाजवळच्या एका उतारावर २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्यांनी पहिली शर्यत लावली. त्या उताराचे नाव पडले ‘रिपॅक’.

या नावामागची हकीकत कारागिरांना चटकन कळेल. त्या सायकलींना मागच्या हबमध्ये ब्रेक असे. पेडल उलटे दाबले की तो लागायचा. तीव्र उतारावर ब्रेक दाबून दाबून हब इतका तापायचा की आतले ग्रीस जळून धूर निघायचा. खाली पोहोचल्यावर हब खोलून पुन्हा ग्रीस भरावे लागे. हे पुन्हा भरणे म्हणजेच रिपॅक. म्हणजे या खेळाच्या पहिल्या उताराचे नावच मुळी दुरुस्तीच्या कामावरून पडले. जो ब्रीझ, गॅरी फिशर, टॉम रिची ही त्या मंडळींतील नावे पुढे जगप्रसिद्ध झाली. १९८१ मध्ये स्पेशलाइज्ड कंपनीने ‘स्टम्पजम्पर’ ही सायकल जपानमध्ये बनवून घेऊन बाजारात आणली आणि शौकाचा धंदा झाला.

आज अशा सायकलीला पुढे शॉकअप असतो, पुष्कळदा मागेही असतो. तेलावर चालणारे डिस्क ब्रेक, बारा-बारा दातेरी चकत्यांचा मागचा संच आणि बिनट्यूबचे टायर असतात. चिखल, धूळ, पाणी आणि दगड यांतून चालवायची वस्तू असल्याने ती सतत झिजते. रस्त्यावरच्या साध्या सायकलीला वर्षातून एक ओव्हरऑइलिंग पुरते. डोंगरी सायकलीच्या शॉकअपचे खालचे नळे पन्नास तासांच्या वापरानंतर खोलून तेल बदला, असे रॉकशॉक्ससारखी कंपनी स्वतःच सांगते. दर रविवारी तीन-चार तास फिरणाऱ्याला हे काम वर्षातून तीन-चार वेळा करावे लागते. दुरुस्तीवाल्याची भाकरी या झिजेतच आहे.

टाळेबंदीतील स्वारांचे दिवस

मार्च २०२० मध्ये युरोपातील देशांनी एकामागून एक टाळेबंदी लावली. स्पेनमध्ये १४ मार्चपासून मोठ्या माणसांना व्यायामासाठी घराबाहेर पडण्याचीच बंदी झाली. ती २ मे रोजी सैल झाली, तीही सकाळी ६ ते १० आणि रात्री ८ ते ११ या वेळेत. फ्रान्समध्ये व्यायामाला एक तास आणि घरापासून एक किलोमीटर एवढीच मुभा होती. कामावर जायला सायकल चाले, पण खेळ म्हणून ती चालवता येत नसे. डोंगर समोर दिसतो आहे, सायकल दाराशी उभी आहे, पण निघायचे नाही, अशी त्या लोकांची अवस्था झाली. घरात लोखंडी स्टँडवर मागचे चाक अडकवून जागच्या जागी पेडल मारण्याची साधने त्यामुळे पाहता पाहता संपली.

ब्रिटनमध्ये नियम थोडे वेगळे होते. २३ मार्च २०२० रोजी पंतप्रधान बोरिस जॉन्सन यांनी टाळेबंदी जाहीर केली, तेव्हा दिवसातून एकदा व्यायामाची परवानगी ठेवली. त्यात चालणे, धावणे आणि सायकल यांचा नावानिशी उल्लेख होता. पण डोंगरी स्वारांच्या खास वाटा बंद झाल्या. वेल्समधील कोइड अ ब्रेनिनसारख्या जंगलातील प्रसिद्ध वाटा आणि तेथील वाहनतळ बंद करण्यात आले. पुढे १ जूनपासून ६ जुलैपर्यंत वेल्समध्ये साधारण पाच मैलांच्या, म्हणजे आठ किलोमीटरच्या आत राहा असा दंडक होता. मोटारीच्या टपावर सायकल टाकून शंभर मैलांवरच्या डोंगराला जाणारा माणूस आपल्या गल्लीत अडकला.

या लोकांनी मग काय केले? पहिली गोष्ट, घराच्या दारातून निघून दाराशी परतायचे असा फेरा त्यांनी आखला. गावाबाहेरची शेताची वाट, कालव्याचा काठ, ओढ्याकडची पायवाट यांना वर्षानुवर्षे कोणी विचारत नव्हते, त्यांची ओळख नव्याने झाली. दुसरी गोष्ट, धोका टाळला. डोंगरी सायकलवरून पडून गळ्याजवळचे हाड मोडणे, मनगट मोडणे हे या खेळात नेहमीचे. पण इस्पितळे साथीच्या रोग्यांनी भरलेली असताना आपल्या शौकापायी एक खाट अडवू नये, म्हणून एकट्याने आणि बेताने चालवा, असा सल्ला सायकल संघटनांनी दिला. मोठ्या उड्या आणि अवघड उतार पुष्कळांनी स्वतःहून बाजूला ठेवले. स्पर्धाही गेल्या. स्कॉटलंडमधील फोर्ट विल्यमची जागतिक चषकाची फेरी त्या वर्षी झाली नाही आणि टोकियोचे ऑलिम्पिक पूर्ण एक वर्ष पुढे गेले.

तिसरी गोष्ट आपल्या विषयाच्या गाभ्याची आहे. हे लोक सायकलीकडे नीट पाहू लागले. घरातल्या, परसातल्या खोपटातल्या जुन्या सायकली बाहेर निघाल्या. बापाने स्वतःची सायकल खोलली, मग बायकोची, मग मुलांची. आणि खोलल्यावर बऱ्याच जणांना कळले की खोलणे सोपे आहे, जोडणे अवघड. ती सायकल मग पिशवीत भरलेल्या सुट्या भागांसह दुकानात आली.

सायकलचे दुकान : गरजेच्या यादीत

ब्रिटनच्या सरकारने टाळेबंदीतही उघडी ठेवायच्या दुकानांची यादी केली, तीत किराणा, औषधे, पेट्रोल पंप, मोटार गॅरेज यांच्याबरोबर सायकलचे दुकान स्पष्ट शब्दांत लिहिले. या दोन शब्दांनी तेथील हजारो लहान दुकानदारांचा गल्ला चालू राहिला. दवाखान्यातील परिचारिका, औषधाच्या दुकानातील नोकर, किराणा पोहोचवणारा पोरगा यांना बस-आगगाडीची भीती वाटत होती. ते सायकलवर आले. त्यांच्या सायकली चालू राहिल्या तरच इस्पितळ चालू राहणार, हे सरकारने ओळखले. अनेक दुकानांनी इस्पितळातील कर्मचाऱ्यांची सायकल विनामूल्य दुरुस्त करून दिली.

दुकाने चालवण्याची पद्धत मात्र बदलावी लागली. गिऱ्हाईक आत घ्यायचे नाही. फोनवर वेळ ठरवायची. सायकल दाराशी ठेवून जायची, ती पुसून घेऊन मग आत न्यायची. पैसे कार्डाने किंवा फोनवर. खर्च किती येईल ते आधी कळवायचे आणि होकार आल्यावरच पाना लावायचा. ही शिस्त साथीमुळे आली, पण साथ गेल्यावरही चांगल्या दुकानांनी ती सोडली नाही. वेळ ठरवून काम घेतल्याने कारागिराचा दिवस वाया जात नाही आणि आधी दर सांगितल्याने शेवटी हुज्जत होत नाही.

आपल्याकडे काय झाले, हेही येथे नोंदवले पाहिजे. २५ मार्च २०२० पासून देशभर टाळेबंदी लागली. १५ एप्रिलला केंद्रीय गृहमंत्रालयाने नवे आदेश काढले आणि २० एप्रिलपासून काही स्वयंरोजगारांना मुभा दिली. उदाहरणादाखल दिलेल्या त्या यादीत इलेक्ट्रिशियन, संगणक दुरुस्ती, प्लंबर, मोटार मेकॅनिक आणि सुतार होते. सायकल दुरुस्तीचे नाव नव्हते. ज्या देशात त्याच सुमारास हजारो मजूर सायकलवर शेकडो मैल कापत गावाकडे निघाले होते, त्या देशात सायकल मिस्त्री सरकारी कागदावर नावाने आलाच नाही. हा दोष एका कारकुनाचा नाही. आपला धंदा नोंदलेला नाही, संघटित नाही, म्हणून यादी करणाऱ्याच्या डोळ्यांपुढे तो येत नाही. आमच्या मते या लेखातील सर्वांत कडू धडा हाच आहे.

मागणीचा पूर आणि मालाचा दुष्काळ

टाळेबंदी सैल झाली तशी सायकलीला मागणी इतकी वाढली की कोणाचाच हिशेब राहिला नाही. ब्रिटनमधील हॅलफर्ड्स या मोठ्या साखळी दुकानाची सायकल विभागाची विक्री ३ जुलै २०२० ला संपलेल्या तेरा आठवड्यांत, आदल्या वर्षीच्या मानाने सुमारे ५७ टक्क्यांनी वाढली. जाड टायरची साधारण किमतीची सायकल नवख्याला सगळ्यांत सोयीची, कारण ती रस्त्यावरही चालते आणि कच्च्या वाटेवरही. त्यामुळे ती सर्वांत आधी संपली.

मग माल यायचा कोठून? जगातील चांगल्या डोंगरी सायकली मोठ्या प्रमाणावर तैवान आणि चीनमध्ये बनतात. गिअर, ब्रेक, चेन यांसाठी बहुतेक सर्व कारखाने दोन नावांवर अवलंबून आहेत : जपानची शिमानो आणि अमेरिकेची स्रॅम. सांगाडा तयार आहे पण गिअर नाही, म्हणून सायकल कारखान्यातच अडकून पडली, असे प्रकार सुरू झाले. काही भागांसाठी शिमानोची मुदत चारशे दिवसांच्या वर गेली. जून २०२१ मध्ये मलेशियात पुन्हा टाळेबंदी लागली आणि तेथील उत्पादनाला फटका बसला. मार्च २०२१ मध्ये ‘एव्हर गिव्हन’ हे अजस्त्र जहाज सुएझ कालव्यात आडवे अडकून सहा दिवस वाट बंद झाली. चाळीस फुटी कंटेनरचे भाडे साथीपूर्वी दीड-दोन हजार डॉलरच्या आसपास असे. २०२१ च्या सप्टेंबरमध्ये त्याची जागतिक सरासरी दहा हजार डॉलरच्या वर गेली.

शिमानोचे नाव निघाले म्हणून एक गोष्ट सांगतो. ओसाकाजवळचे साकाई हे शहर पूर्वीपासून सुऱ्या, तलवारी आणि बंदुका घडवणाऱ्या लोहारांचे. तेथे १९२१ मध्ये शोझाबुरो शिमानो या कारागिराने उसन्या घेतलेल्या एका लेथवर काम सुरू केले. पहिली वस्तू बनवली ती फ्रीव्हील. शंभर वर्षांनी त्याच कारखान्याच्या चेनसाठी जग चारशे दिवस थांबले. कारागिराच्या वंशात पुढे काय होऊ शकते, याचे यापेक्षा मोठे उदाहरण शोधायला नको.

नवीन माल नाही, म्हणजे जुना चालवणे आले. येथेच दुरुस्तीवाल्याचा भाव वाढला. सरकारांनीही ते ओळखले. फ्रान्सने मे २०२० मध्ये सायकल दुरुस्तीसाठी प्रत्येकी ५० युरोपर्यंत मदत सुरू केली आणि त्या योजनेत दहा लाखांहून अधिक सायकली दुरुस्त झाल्या. इंग्लंडने ५० पौंडांची दुरुस्ती कुपने काढली. २८ जुलै २०२० च्या रात्री पहिली ५० हजार कुपने खुली झाली तेव्हा संगणकावर एवढी झुंबड उडाली की यंत्रणाच बसली, आणि कुपने काही तासांत संपली. पैसा गिऱ्हाइकाच्या हाती दिला, पण तो पोहोचला मिस्त्रीच्या गल्ल्यात. नवीन सायकलीवर सवलत दिली असती तर तोच पैसा परदेशी कारखान्याकडे गेला असता.

मिस्त्रीच्या हुन्नरातील चार गोष्टी

त्या काळात ज्यांच्याकडे काम साठले ते मिस्त्री काय करत होते, ते आपल्या कारागिरांच्या उपयोगाचे आहे.

एक, चेन मोजून बदलणे. सायकलच्या चेनची प्रत्येक कडी अर्ध्या इंचाची. चोवीस कड्या म्हणजे बरोबर बारा इंच. पोलादी पट्टी एका पिनेच्या मध्यावर धरा. बारा इंचांवरची पिन अर्धा सूत पुढे गेली असेल तर चेन बदला. मागचे दाते वाचतील. पूर्ण एक सूत गेली असेल तर चेनबरोबर दातेही झिजले, ते बदलल्याशिवाय नवी चेन उड्या मारणारच. दाते चेनपेक्षा कितीतरी महाग. वेळेवर चेन बदला म्हणून सांगणाऱ्या मिस्त्रीला त्या दुष्काळात गिऱ्हाईक विसरले नाही.

दोन, बेअरिंग. अनेक डोंगरी सायकलींच्या हबमध्ये आणि मागच्या सांध्यांत आता सुटे छर्रे नसून बंद बेअरिंग असते. त्यावर नंबर कोरलेला असतो. उदाहरणार्थ ६९०२ म्हणजे आतील भोक १५, बाहेरचा व्यास २८ आणि जाडी ७ मिलिमीटर. हे नंबर जगभर एकच. कंपनीचा भाग येत नव्हता तेव्हा शहाण्या मिस्त्रीने नंबर वाचला आणि मशिनरीच्या बाजारातून तेच बेअरिंग आणून बसवले.

तीन, तेलाचे ब्रेक. शिमानोच्या ब्रेकमध्ये मिनरल ऑइल चालते, स्रॅमच्या अनेक ब्रेकमध्ये मोटारीसारखे डॉट तेल. एकाच्या जागी दुसरे गेले की आतली रबरी सील खराब होतात आणि ब्रेक जातो. डिस्कवर किंवा पॅडवर चेनच्या तेलाचा एक फवारा उडाला तरी ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. उतारावर हा जिवाशी खेळ आहे. जुन्या पद्धतीच्या मिस्त्रीला हे शिकावे लागते. पण शिकायला फार तर काही आठवडे.

चार, चाक. आरे ताणून रिमचा आउट काढणे हे काम कोणत्याही यंत्राने स्वस्त केलेले नाही. नवीन चाक मिळेना तेव्हा जुन्या हबवर नवी रिम चढवून देणारे हात लाखमोलाचे ठरले. हे काम आपल्या जुन्या कारागिरांना फार चांगले येते.

पूर ओसरला

आता दुसरी बाजू. माल मिळत नाही असे दिसल्यावर दुकानदारांनी काय केले? दहा सायकली हव्या असताना वीस मागवल्या, आणि त्याही दोन-तीन ठिकाणी. ठोक व्यापाऱ्याने त्या मागणीवर आपली भर घातली आणि कारखान्याला कळवले. कारखान्याने सुट्या भागांच्या कारखान्याला त्याहून अधिक सांगितले. व्यापारशास्त्रात याला चाबकाचा फटका म्हणतात. मूठ वीतभर हलते, टोक कितीतरी हात फटकारते. प्रत्येक जण आपल्या परीने शहाणपणाच करत होता, पण सगळ्यांची बेरीज वेडेपणाची झाली.

२०२२ मध्ये हा सगळा माल एकदमच बंदरात उतरला. तोवर लोक कामावर परतले, सहली सुरू झाल्या, महागाई वाढली, व्याजाचे दर चढले. ज्याला सायकल हवी होती त्याने ती घेऊन झाली होती, आणि सायकल काही दर वर्षी घ्यायची वस्तू नव्हे. शिमानोचेच आकडे पाहा. २०१९ मध्ये विक्री सुमारे ३६३ अब्ज येन. २०२२ मध्ये सुमारे ६२९ अब्ज येन. आणि २०२३ मध्ये पुन्हा सुमारे ४७४ अब्ज येन. एका वर्षात चौथा हिस्सा गळाला. शिमानोजवळ गंगाजळी होती, तिने सोसले. कर्जावर माल भरणाऱ्यांना ते सोसले नाही.

उत्तर आयर्लंडमधील बॅलिन्युअर गावात १९८० च्या दशकात एका जोडप्याने सायकलचे लहानसे दुकान काढले होते. त्याचीच पुढे ‘चेन रिअॅक्शन सायकल्स’ झाली. डोंगरी सायकलींचे भाग टपालाने जगभर पाठवणारी ती नामांकित पेढी. २०१६ मध्ये ती ‘विगल’ या दुसऱ्या मोठ्या पेढीशी जोडली गेली आणि पुढे एका जर्मन उद्योगसमूहाच्या मालकीत गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये तो समूह कोसळला आणि त्याबरोबर हीही पेढी दिवाळखोरी प्रशासकाच्या हाती गेली. शेकडो नोकऱ्या गेल्या. शेवटी नाव विकत घेतले ते दुसऱ्याच एका व्यापारी समूहाने.

अमेरिकेतील कोना ही १९८८ पासूनची डोंगरी सायकलींची कंपनी. तिच्या संस्थापकांनी जानेवारी २०२२ मध्ये, म्हणजे बाजार ऐन भरात असताना, ती एका मोठ्या कंपनीला विकली. २०२३ च्या अखेरीस तीच कंपनी एका सायकलवर दुसरी फुकट देऊ लागली! कपड्याच्या सेलमध्ये आपण हे पाहतो, पण हजारो डॉलरच्या सायकलीवर असे कोणी ऐकले नव्हते. एप्रिल २०२४ मध्ये कॅलिफोर्नियातील मोठ्या सायकल जत्रेत लावलेला तिचा मांडव अर्ध्यावर उतरवावा लागला. मे महिन्यात मूळ संस्थापक डॅन गेरहार्ड आणि जेकब हाइलब्रॉन यांनीच ती पुन्हा विकत घेतली. भावात विकले आणि मंदीत घेतले. धंद्याची जाण याला म्हणतात.

या सेलचा फटका लहान दुकानदाराला दुहेरी बसला. त्याने चढ्या भावात घेतलेली सायकल दुकानात उभी, आणि कंपनीच ती त्याच्या खरेदीच्या भावाखाली विकते आहे. ज्यांचे पोट केवळ विक्रीवर होते त्यांना दुकान बंद करावे लागले. दुरुस्तीचे टेबल असलेल्यांना मात्र आधार राहिला, कारण साथीत विकल्या गेलेल्या सायकली आता झिजायला लागल्या होत्या.

आपल्या बाजारातील हिशेब

हिंदुस्थानातही चित्र असेच होते. अखिल भारतीय सायकल उत्पादक संघटनेच्या आकड्यांनुसार मे ते सप्टेंबर २०२० या पाच महिन्यांत देशात सुमारे ४१ लाख ८० हजार सायकली विकल्या गेल्या. मेमध्ये साडेचार लाखांच्या आसपास, तर सप्टेंबरमध्ये अकरा लाखांवर. शहरांत गिअरची, जाड टायरची सायकल घ्यायला लोक आठवडेच्या आठवडे थांबले. आणि याच काळात, ३ जून २०२० रोजी, जागतिक सायकल दिनाच्या दिवशीच, अॅटलस या जुन्या कंपनीचा गाझियाबादजवळच्या साहिबाबादचा कारखाना बंद पडला. कच्चा माल घ्यायलाही पैसा उरला नाही, अशी नोटीस दारावर लागली. शेकडो कामगार रस्त्यावर आले. बाहेर गिऱ्हाईक उभे आणि आत खेळते भांडवल नाही! मागणी असूनही धंदा मरतो, तो असा.

म्हणजे एकाने माल भरून भरून जीव दिला आणि दुसऱ्याने मालावाचून. आमचे मत असे की लहान व्यापाऱ्याने या दोन टोकांच्या मधोमध चालावे, आणि पायाखाली जमीन असावी ती हुन्नराची. त्यासाठी काही सूचना येथे देतो.

तेजीत आलेला जादा नफा सगळाच्या सगळा मालात घालू नका. काही महिन्यांचे भाडे आणि पगार निघतील एवढी रोकड बाजूला ठेवा. व्यापारी सांगतो म्हणून दुप्पट मागणी नोंदवू नका. आपली दर महिन्याची खरी विक्री वहीत पाहा. टायर, ट्यूब, चेन, ब्रेकचे पॅड, केबल हा झिजणारा माल मात्र कधी तुटू देऊ नका. तो पडून राहत नाही.

दुकानात मुलगा किंवा पुतण्या शिकत असेल तर त्याला गिअर, शॉकअप आणि तेलाच्या ब्रेकचे काम शिकवून घ्या. महागड्या सायकलीचा मालक काम नीट असेल तर मजुरीला नाही म्हणत नाही. पण त्याला विश्वास हवा. दराचा फलक लावा, पावती द्या, बदललेला जुना भाग गिऱ्हाइकाच्या हाती द्या. साथीच्या काळात विकल्या गेलेल्या त्या लाखो सायकलींपैकी किती तरी आज इमारतींच्या जिन्याखाली हवा उतरून उभ्या आहेत. गृहनिर्माण सोसायटीशी बोलून रविवारी तेथेच दुरुस्तीचे टेबल मांडता येईल.

शेवटची सूचना सर्वांत महत्त्वाची. आपला धंदा कागदावर आणा. केंद्राच्या उद्यम पोर्टलवर लघुउद्योगाची नोंदणी विनामूल्य होते, आणि ही सोय जुलै २०२० पासूनच आहे. गावातील पाच-दहा सायकल मिस्त्री मिळून संघटना काढू शकतात. पुढचे संकट साथीचे असेल, पुराचे असेल की आणखी कशाचे, ते कोणी सांगू शकत नाही. पण तेव्हा कोणती दुकाने उघडी ठेवायची याची यादी पुन्हा कोणीतरी करील. ब्रिटनच्या यादीत सायकलचे दुकान होते, कारण ते कोणाच्या तरी लक्षात होते. आपल्याकडच्या यादीतही ते यायला हवे. पंक्चर काढणारा माणूस गरजेचा आहे, हे टोमणा मारणाऱ्याला पटवण्याची गरज नाही. ते सरकारच्या कागदावर लिहून घेतले म्हणजे पुरे.